दोष गोळ्यांचा, शिक्षा थेंबांना

रविवारच्या पुरवणीतील मोतीबिंदू शिबिरांवरचा लेख वाचला. सुप्रोफेन हे दाहशामक औषध बंद झाले म्हणून शस्त्रक्रियेआधीचे सगळेच दाहशामक थेंब घातक, हा त्यातील निष्कर्ष मान्य होण्यासारखा नाही. अमेरिकेत १९८७ मध्ये मागे घेतल्या त्या सुप्रोफेनच्या पोटात घ्यायच्या गोळ्या. त्यांनी कुशीत तीव्र कळा येत व मूत्रपिंडाला इजा होई. डोळ्यांचे थेंब त्यानंतरही वापरात होते.

शस्त्रक्रियेत बुबुळाला धक्का लागला की प्रोस्टाग्लँडिन हे दाह वाढवणारे रसायन सुटते आणि बाहुली आकसते. नुसत्या ट्रोपिकामाइडने विस्फारलेली बाहुली तेव्हा टिकेलच असे नाही, आणि आकसलेल्या बाहुलीतून काम करताना भिंगाची मागची पिशवी फाटण्याचा धोका वाढतो. म्हणून प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ न देणारे दाहशामक फ्लर्बिप्रोफेन ०.०३ टक्के, दोन तास आधीपासून दर अर्ध्या तासाने एक, असे ४ थेंब घालतात. मेळघाटातून रुग्णांची गाडी उशिरा पोहोचली की चारही थेंब दहा मिनिटांत उरकण्याची घाई होते. औषध गालावर ओघळते, आत मुरायला वेळच मिळत नाही. प्रत्येक रुग्णाच्या कागदावर थेंबांची वेळ लिहा, उशिरा आलेल्यांचा नंबर शेवटी लावा.

– एक नेत्रतंत्रज्ञ, आर्वी (जि. वर्धा)