पुठ्ठ्याचा चेक आणि ताईचं मानधन

मा. संपादक साहेब,

स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक छोटी बातमी होती, एक धर्मादाय फाउंडेशन गावपातळीवरच्या मानसिक आरोग्याच्या कामाला मोठा निधी देणार आहे म्हणून. बातमीत आकडा होता, फोटो होता, फोटोत चेक होता (तो दरवाजाएवढा पुठ्ठ्याचा असतो ना, तो), फक्त हे पैसे किती वर्षं पुरणार आणि नेमके कुणाच्या हातात पडणार एवढंच नव्हतं. मला त्यावरच बोलायचंय. मी डॉक्टर नाही, समाजसेवक तर अजिबातच नाही, दर्यापूर तालुक्यात आमच्या खारपाणपट्ट्यातल्या (जमिनीतलं पाणीच खारं असलेला भाग) एका गावात माझं मेडिकल आहे आणि बावीस वर्षं झाली काउंटरमागे उभा आहे. गावात कोणाची झोप उडालीये हे सरपंचाच्या आधी मला कळतं.

कसं कळतं ते सांगतो. काउंटरखालच्या ड्रॉवरमध्ये आमचं एच-वन रजिस्टर असतं. झोपेच्या, घाबरेपणाच्या ठराविक गोळ्या विकल्या की पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती गोळ्या दिल्या हे सगळं त्यात लिहायचं आणि ते तीन वर्षं जपून ठेवायचं असा नियम आहे. आता नियम नियमाच्या जागी, गावात लोक चिठ्ठी आणत नाहीत, नुसतं येऊन म्हणतात "झोपेची गोळी द्या ना जी". मी नाही म्हणतो, मग ते दुसरीकडे जातात, आणि दुसरीकडे मिळते हे मलाही माहीत आहे आणि त्यांनाही.

एक काकू यायच्या, दर शनिवारी, बाजाराच्या दिवशी. पिशवीत मेथी, कोथिंबीर, वर पाव किलो शेव, आणि शेवटी माझ्याकडे. त्यांचं एकच, "डोकस्यात रातभर भोंगा वाजते भाऊ, एक गोळी द्या". मी म्हणायचो चिठ्ठी आणा, तर म्हणायच्या "चिठ्ठी कुठून आणू, अमरावतीले जा म्हणता, जाण्या-येण्यात दिवसाची मजुरी बुडते". तेव्हा तर बायांना एसटीचं हाफ तिकीटही नव्हतं, ते २०२३ ला झालं. आणि तिकीट हाफ झालं तरी मजुरी फुलच बुडते ना. पुन्हा गावात कोणी विचारलं कुठं गेल्ती तर काय सांगायचं, 'मेंटल'च्या डॉक्टरकडे?

मग काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एका संस्थेचा प्रकल्प आला. संस्थेचं आणि पैसे देणाऱ्यांचं नाव लिहीत नाही, कारण काम चांगलं होतं आणि मला कोणाची बदनामी करायची नाहीये. त्यांनी गावातलीच एक बारावी झालेली सून निवडली, तिला ट्रेनिंग दिलं, एक टॅब दिला, थोडंफार मानधन दिलं, आणि ती मंगळवार-शुक्रवार घरोघरी जायला लागली. सुरुवातीला लोक हसायचे, ही काय डॉक्टरीण झाली का म्हणून. ती नऊ प्रश्न विचारायची, गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी होती, कशात मन लागतं का, जीव नकोसा होतो का. आणि मग बसायची. म्हणजे खरंच बसायची, ओट्यावर, तूर निवडू लागायची सोबत. ह्या काकूंना तिनं पहिल्यांदा काय सांगितलं असेल? तर रोज संध्याकाळी शेजारणीसोबत मंदिरापर्यंत चालत जायचं, एवढंच. मला तेव्हा वाटलं ह्यासाठी ट्रेनिंग कशाला पाहिजे. नंतर कळलं की हे असं ठरवून दिलेलं छोटं काम हाच त्या उपचाराचा गाभा आहे, मनात उत्साह यायची वाट बघत बसायचं नाही, आधी हातपाय हलवायचे, मन मागून येतं. गोव्यात संगाथ नावाची संस्था आहे, त्यांनी हीच पद्धत डॉक्टर नसलेल्या साध्या लोकांना शिकवून सरकारी दवाखान्यांत वापरून दाखवली आहे, सहा ते आठ भेटी, बास.

काकूंना नंतर गोळीही लागली. महिन्यातून एकदा येणाऱ्या मानसोपचार डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन त्या आल्या, एस्सिटॅलोप्रॅम १०, डिप्रेशनवरची गोळी. आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो जी कोणत्याही अहवालात नसते. ही गोळी लागू पडायला दोन-तीन आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात बऱ्याच जणांना मळमळतं, डोकं गरगरतं. आमचं गिऱ्हाईक पूर्ण पट्टी घेत नाही, "पाच कापून द्या, गुण आला तर बाकीच्या नेतो". मी कात्रीनं पट्टी कापून देतो. पाच दिवसांत गुण येतच नाही, येते ती मळमळ, आणि सहाव्या दिवशी "गरम पडली जी गोळी" म्हणून बंद. समोर दहा लोक उभे असताना मी प्रत्येकाला किती समजावून सांगणार. ती सून, म्हणजे आमची ताई, मात्र बरोबर सहाव्या-सातव्या दिवशी घरी हजर, सांगायची हे होणारच होतं, अजून आठ दिवस काढा, मी येते परत. काकूंनी सहा महिने गोळी खाल्ली, मग डॉक्टरनीच हळूहळू बंद केली. त्या काळात त्यांनी माझ्याकडे झोपेची गोळी एकदाही मागितली नाही.

आणि मग एका ३१ मार्चला प्रकल्प संपला. समारोपाचा कार्यक्रम झाला, ताईला स्मृतिचिन्ह मिळालं आणि टॅब परत घेतला. डॉक्टरांचं यायचं बंद झालं. ताई दोन-तीन महिने फुकट फिरली, पण तिच्या घरचेही म्हणणारच ना, कापूस वेचायला गेली तर रोज मिळतो. आता ती जाते वेचायला. आणि काकू पुढच्या उन्हाळ्यात एका शनिवारी पुन्हा काउंटरवर, "भाऊ, एक गोळी द्या". येरे माझ्या मागल्या.

तर साहेब, माझी तक्रार पैसे देणाऱ्यांबद्दल नाहीये, पैसे कशाला आणि किती दिवस देतात त्याबद्दल आहे. कारण हे काम होतं की नाही ह्याचा पुरावा बाहेरून आणायची गरजच नाही, तो आमच्याच जिल्ह्यात आहे. टाटा ट्रस्टच्या पैशातून अमरावती जिल्ह्यात ३० गावांमध्ये 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला होता. गावातल्या कार्यकर्त्या बायका, त्यांच्या वर समुपदेशक, आणि त्यांच्या वर गावात येऊन तपासणारा मानसोपचारतज्ज्ञ, अशी उतरंड. सुरुवातीला डिप्रेशन असलेल्या शंभरातले जेमतेम ४ जण कुठेतरी मदत घ्यायचे, १८ महिन्यांनी तो आकडा २७ च्या वर गेला. मनात आत्महत्येचा विचार आलेल्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. हे २०१७ मध्ये लॅन्सेट ह्या जगभर वाचल्या जाणाऱ्या डॉक्टरी नियतकालिकाच्या मानसोपचारवाल्या जर्नलमध्ये छापून आलंय. विदर्भातल्या जिल्ह्याचं नाव जगात एखाद्या बऱ्या गोष्टीसाठी छापून आलं आणि अमरावतीच्या दहा लोकांना विचारा, नऊ जणांना माहीत नसेल. माझं गाव त्या तीसमध्ये नव्हतं, मलाही हे उशिराच कळलं.

दुसरं उदाहरण नाशिकच्या पेठ तालुक्याचं. पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजमधल्या मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण केंद्रानं तिथे २०१३ च्या सुमारास ४१ गावांत 'आत्मीयता' सुरू केलं, पैसा ग्रँड चॅलेंजेस ह्या कॅनडाच्या निधी देणाऱ्या संस्थेचा. गावातलीच माणसं निवडायची, जी तशीही लोकांचं ऐकून घेतात, त्यांना शिकवायचं, आणि ती नुसतं मनाचं बघत नाहीत तर पेन्शन, रेशन, सरकारी योजनांची कागदपत्रं ह्यातही मदत करतात. हे मला फार पटलं, कारण निम्म्या लोकांची झोप कागदपत्रांनीच उडालेली असते. पुढे हे मोठं झालं ते गुजरातमध्ये, मेहसाणा जिल्ह्यात पाचशेच्या वर गावांत, मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हच्या पैशातून. गुजरातला गेलं म्हटलं की आपल्याला लगेच चिमटा बसतो, पण ह्यात उद्योग पळवल्याचं काही नाही, तिथे पूर्ण जिल्हा धरायचं धाडस झालं एवढंच. आपल्याकडे एक तालुका, तीस गावं, दोन वर्षं, फोटो.

हे असं तीन-तीन वर्षांचंच का असतं म्हणून मी माझ्या सीए असलेल्या साडूला विचारलं. त्यानं सांगितलं की मोठ्या कंपन्यांना कायद्यानं नफ्यातले २ टक्के सीएसआरला, म्हणजे समाजकार्याला, लावावे लागतात, २०१४ पासून, आणि त्या नियमात 'चालू प्रकल्प' म्हणजे सुरू झालेलं वर्ष सोडून जास्तीत जास्त ३ वर्षांचा. म्हणजे प्रकल्प जन्मालाच येतो तो मरणाची तारीख घेऊन. वर जिथे कंपनी आहे त्या भागाला प्राधान्य द्या असंही कायदाच सांगतो, आता दर्यापुरात कोणती कंपनी आहे हो? जिनिंग आहे, तेही सीझनपुरतं. परत पगार-मानधन म्हटलं की देणगीदाराच्या कपाळाला आठ्या पडतात, इमारत म्हटली की पडत नाहीत कारण इमारतीवर पाटी लावता येते. ताईवर पाटी कुठं लावणार.

पण हे बंधन सीएसआरला आहे. कुटुंबाच्या ट्रस्टला, स्वतःच्या पैशातून चालणाऱ्या फाउंडेशनला ते नाही, त्यांना दहा वर्षांचं वचन द्यायला कोणी अडवलं नाहीये. आपल्याच महाराष्ट्रातलं बघा ना, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या फाउंडेशननं एक लाख रुपये दिले त्यातून १९८६ ला पुण्यात मुक्तांगण उभं राहिलं, दारू-गर्दच्या विळख्यातल्या लोकांसाठी. लाख रुपये तेव्हाही काही डोंगराएवढे नव्हते. पण जागा येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सरकारची मिळाली आणि नशा सुटलेली माणसंच पुढे तिथं काम करायला लागली, म्हणून आजही चालू आहे. खाजगी पैशानं सुरुवात, सरकारची जागा, माणसं आतलीच. आमच्या ताईच्या प्रकल्पात सुरुवात होती, माणूस आतला होता, मधलं सरकार तेवढं गायब होतं.

सरकार काही करत नाही असंही मी म्हणणार नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, प्रेरणा प्रकल्पात आशाताईंनी शेतकऱ्यांच्या घरी जाऊन फॉर्म भरले होते, २०१७ चा कायदा तर प्रत्येकाला मानसिक उपचाराचा हक्क देतो, आणि सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनला १४४१६ वर फोन केला तर फुकट मराठीत बोलता येतं, हा नंबर मी काउंटरवर चिकटवलाय आणि लोक लावतातही, विशेषतः तरुण पोरं, रात्री. काकूंनी मात्र लावला नाही, त्यांचं म्हणणं "फोनवर रडता येत नाई बाप्पा". आणि आशाताईच्या डोक्यावर आणखी किती टाकणार, तिच्याकडे आधीच लसीकरण, बाळंतपण, टीबी, सर्व्हे, आणि मानधन थकलेलं. बाय द वे, २०१५-१६ ला बंगळुरूच्या निमहान्स ह्या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं जो मोठा राष्ट्रीय सर्व्हे केला, ज्यात दहातल्या एका प्रौढाला कोणता ना कोणता मानसिक आजार निघाला आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना निघाले, त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हताच. शेतकरी आत्महत्येवर सगळ्यात जास्त भाषणं आपल्याकडे, आणि मोजणी शेजारच्या छत्तीसगड, मध्यप्रदेशात.

म्हणून ज्या फाउंडेशनची बातमी तुम्ही छापली त्यांना तुमच्या पेपरमधून एवढंच विचारा, की साहेब दहा गावं कमी घ्या पण दहा वर्षं घ्या. पैशातला मोठा हिस्सा ताईच्या मानधनाला आणि तिच्या पेट्रोलला लावा, टॅब नसला तरी चालेल, वहीत लिहील ती. महिन्यातून एकदा डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात येईल ह्याचं पत्र जिल्ह्याकडून पहिल्याच दिवशी लेखी घ्या, शेवटच्या वर्षी नाही, कारण शेवटच्या वर्षी तोपर्यंत साहेबांची बदली झालेली असते आणि नवीन साहेबांना विषय माहीत नसतो. गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळू द्या, माझा धंदा त्यानं थोडा बुडेल, बुडू द्या, तसाही कापलेल्या पट्टीत काही सुटत नाही. आणि समारोपाचा कार्यक्रम नकोच.

माझ्या दुकानामागे एक खोली आहे, सध्या त्यात खोके ठेवतो. कोणाला ताईसाठी पाहिजे असेल तर रिकामी करून देतो, भाडं नको. दार मागच्या गल्लीत उघडतं त्यामुळे आत कोण गेलं ते चौकातून दिसत नाही. पंखा आहे, फक्त दुपारी लाइट जाते.

आपला,
एक मेडिकलवाला
ता. दर्यापूर, जि. अमरावती