नातवंडं कुणाची?

ठाणे, शुक्रवार

प्रिय नंदा,

फोनवर घाईत बोलणं झालं, म्हणून सविस्तर लिहितेय. अमेरिकेत ज्यू सून येतेय याचं तुला काही नाही, हे मला कळलं. "नातवंडं ज्यू झाली तर आमच्या वाट्याला काय?" ही तुझी खरी धास्ती.

पहिलं म्हणजे, आई ज्यू तर मूल ज्यू, हा आम्हां ज्यूंचा जुना धर्मनियम. त्यामुळे तुझी नातवंडं जवळजवळ सगळ्यांच्या लेखी ज्यूच. उलट असतं तर घोळ. माझ्या दादाची बायको तुमच्यातली, हिंदू. भाचीनं लहानपणापासून शुक्रवारचे दिवे लावले, योम किप्पूरचा, म्हणजे आमच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास धरला. इस्रायलमध्ये स्थायिक व्हायला अडचण आली नाही, कारण १९७० पासून तिथला कायदा ज्यूंची मुलं-नातवंडंही धरतो. लग्नाच्या वेळी मात्र रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, आईचं मूळ विचारलं. तिथे नागरी विवाह नाही. शेवटी सायप्रसला जाऊन लग्न लावलं पोरीनं! अमेरिकेतल्या रिफॉर्म या उदारमतवादी ज्यू पंथानं १९८३ मध्ये वडिलांकडूनही मूल ज्यू मानलं, पण त्याला ज्यू म्हणून वाढवलं असेल तरच. मला हे "वाढवलं असेल तर" पटतं.

आमच्याकडे काय झालं ते तू पाहिलंच आहेस. आठव्या दिवशी सुन्नत, बाराव्या दिवशी सासूबाईंच्या हौसेनं बारसं. सुन्नतीच्या दिवशी त्या आतल्या खोलीत जाऊन बसल्या होत्या, डोळे पुसत. मलिद्याला, आमच्या गोड पोह्यांना, मात्र खोबरं खवायला स्वतःहून पुढे. शब्बाथला, आमच्या आठवड्याच्या विसाव्याच्या दिवशी, मी मनुका भिजवून, कुस्करून शरबत गाळायची, तेव्हा गाळणं धरायलाही त्याच. भांडण खरं पेटलं ते कोलंबीवरून! आम्हांला खवले-पर असलेलीच मासळी चालते, आणि नातवानं आजीच्या हातचं कोलंबीचं कालवण खायचं नाही, हे त्यांना शेवटपर्यंत पचलं नाही. मग त्याच्यासाठी पापलेट वेगळं तळायच्या, भांडी आपटत.

"दोन्ही धर्म शिकवू, मोठी झाली की ठरवतील," असं तुझा मुलगा म्हणतोय ना? ऐकायला छान आहे, पण माझ्या पाहण्यात अशा मुलांना धड आरती येत नाही की शमा, आमची मुख्य प्रार्थना. घर एका धर्माचं असावं आणि दुसऱ्याच्या सणाला मुलांनी हक्कानं जावं. माझी पोरं तुमच्या गणपतीत मोदकांवर तुटून पडायची, नाचायची, फक्त आरतीचं ताट हाती घ्यायची नाहीत. यांना ते खटकायचं. अजूनही खटकतं, खोटं कशाला बोलू?

तेव्हा तू फराळाचे डबे खुशाल पाठव, आजीच्या गोष्टी मराठीतून सांग. लग्नात देवघर मात्र देऊ नकोस. मुलगा झाला तर आठव्या दिवशी तिथे हजर राहा, तिकीट बारशाच्या हिशेबानं काढू नकोस.

आणि मलिदा शिकून घे. तो आम्हां बेने इस्राएलांचा, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचा, विहीणबाईंना ठाऊक नसणार. जाडे पोहे धुऊन निथळत ठेव, ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम-पिस्ते घाल, भोवती फळं मांड. एलियाहू हनाबीच्या नावानं करतात म्हणून सांग सुनेला, तिला तो नबी चांगला माहीत असेल. पोहे न्यू जर्सीत कुठे मिळतात ते मुलालाच विचार.

तुझी,
हन्ना