घराणी निकोडेमसचीही आहेत

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या खेड्यांवर आणि तिथल्या जुन्या घराण्यांवर लेख आला होता, आवडला, पण त्यातली सगळी घराणी गोरी होती म्हणून हे पत्र. मी कॅन्ससमध्ये राहते. इथे वायव्येला ग्रॅहम काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आहे, अख्ख्या काउंटीची लोकसंख्या अडीच हजारांच्या आत, नुसता गहू आणि वारा. तिथलं निकोडेमस हे गाव गुलामीतून सुटलेल्या काळ्या कुटुंबांनी १८७७ मध्ये वसवलं.

जोतीरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केली हे आपल्याला माहीत असतं, पण सुटलेल्या माणसांनी पुढे काय केलं हे आपल्या पेपरात येतच नाही, आलं तर थेट मार्टिन ल्यूथर किंग. मधली सगळी वर्षं गायब!

ही माणसं केंटकीतून आली. पाच डॉलर भरा आणि कॅन्ससला चला अशी पत्रकं वाटली होती, त्यामागे डब्ल्यू. आर. हिल नावाचा गोरा जमीन-दलाल आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे काळे धर्मोपदेशक. एलिसपर्यंत रेल्वे, पुढे माळावरून तंगडतोड. विलियाना हिकमन या बाईंनी त्या दिवसाबद्दल सांगून ठेवलंय. बरोबरचे पुरुष ओरडायला लागले, ते बघा निकोडेमस, आणि यांना काहीच दिसेना, मग नवऱ्याने जमिनीतून निघणारा धूर दाखवला. लोक खड्डे खणून त्यात राहत होते. बाई रडायलाच लागल्या. झाडं नाहीत म्हणून जळण म्हणजे सूर्यफुलाची धाटं आणि रानगव्यांचं वाळलेलं शेण. पहिल्या हिवाळ्यात शिकारीवरून परतणाऱ्या ओसेज या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांनी त्यांना खायला दिलं असं गावात आजही सांगतात.

आणि तरी ती टिकली हो. जेनी फ्लेचर बाईंनी शाळा धरली, फ्लेचर कुटुंबाने चुनखडीच्या दगडाचं सेंट फ्रान्सिस हॉटेल बांधलं, पुढे त्याच घरात स्विट्झर कुटुंब राहिलं. याच स्विट्झरांमधला व्हेरिल १९५४ ला ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्याच फेरीत उचलला, अमेरिकन फुटबॉल बघणाऱ्यांना याचं मोल कळेल. पण मला सगळ्यात मोठे वाटतात ते एडवर्ड मॅकेब. आधी ग्रॅहम काउंटीचे क्लार्क (काउंटीचं दप्तर सांभाळणारे अधिकारी), मग १८८२ च्या निवडणुकीत थेट कॅन्सस राज्याचे ऑडिटर, म्हणजे गुलामी संपून वीस वर्षंही झाली नव्हती तेव्हा राज्याचा हिशोब एका काळ्या माणसाच्या हातात, तोही गोऱ्या बहुसंख्येच्या मतांवर. असा माणूस आपल्याकडे कुणाला माहीत नसावा याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घात केला रेल्वेने. गावाने रूळ यावेत म्हणून १६,००० डॉलरचे बाँड मंजूर केले होते, पण १८८८ मध्ये युनियन पॅसिफिक नदीच्या पलीकडून गेली, तिथे बोग नावाचं गाव उभं राहिलं आणि निकोडेमसचे दुकानदार आपापली दुकानं घेऊन तिकडे गेले. मॅकेबही नंतर ओक्लाहोमाला गेले. ज्या हिलने पत्रकं वाटली त्याचं नाव मात्र हिल सिटीला आहे, जे आज काउंटीचं मुख्य ठिकाण आहे. म्हणूनच म्हणते, जुनी घराणी मोजताना गावाच्या पाट्या वाचून भागत नाही.

आज निकोडेमसमध्ये वीस माणसंसुद्धा राहत नाहीत. पण १९९६ पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे आणि दरवर्षी जुलैच्या शेवटच्या वीकेंडला देशभरातून त्याच घराण्यांची पोरं-नातवंडं तिथे परत येतात, मिरवणूक, चर्च, जेवणं. तर विनंती एवढीच की पुढच्या लेखात या घराण्यांनाही जागा द्या. आणि उन्हाळ्यात मुलांकडे कॅन्ससला येणाऱ्या आई-बाबांनो, हायवे २४ वर आहे, टाउनशिप हॉलमध्ये माहिती सांगायला नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी खात्याची माणसं असतात, जरूर जा.

आपली एक वाचक,
विचिटा, कॅन्सस