तिसरा वन्स मोअर

सोलापूर, २२ जानेवारी

चि. गौरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर मी चुकीचं बोललो. ‘नाटकातून तुझं गाणं काढून टाकतात तर सोडून दे ते नाटक, जाहिरातीची कामं काय कमी आहेत का,’ म्हणालो आणि फोन ठेवला. तेव्हापासून आई माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. भाकरी ताटात येते, शेंगाचटणी मागून घ्यावी लागते.

यंदा गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यापाशी कर्ण्यावर तुझं गाणं लागलं होतं. बांगड्यांच्या दुकानातली पोरगी ते गुणगुणत सुटे पैसे मोजत होती. ‘माझ्या लेकीचं आहे’ म्हणून सांगणार होतो, तेवढ्यात आईनं बाही ओढली. जिचं गाणं जत्रेत वाजतं, तिनं नाटकवाल्यांचं का ऐकून घ्यावं, हे डोक्यात बसलं होतं. तेच फोनवर बाहेर पडलं.

मग तू मागे सांगितलेल्या त्या अमेरिकन गायक-गीतकार रूपर्ट होम्सबद्दल वाचलं. १९७९च्या डिसेंबरात त्याचं पिन्या कोलाडाचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यातल्या एका ओळीत आधी हम्फ्री बोगार्ट या नटाचं नाव होतं. ते काढून त्यानं पिन्या कोलाडा या पेयाचं नाव घातलं, आणि ते पेय त्याला जन्माचं चिकटलं. क्लबात गाताना तो दोन गाण्यांच्या मध्ये गोष्टी सांगायचा. नाट्यनिर्माते जोसेफ पॅप यांच्या पत्नी गेल मेरिफील्ड यांनी ते ऐकलं आणि संगीतिका लिही म्हणून सुचवलं. मला वाटतं, गाण्यांइतकंच त्या मधल्या बोलण्यानं काम केलं असणार.

त्यानं इंग्रज लेखक डिकन्सची ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ ही कादंबरी घेतली. १८७० साली डिकन्स वारला आणि कादंबरी अर्धीच राहिली. खुनी कोण, ते त्याच्याबरोबरच गेलं. होम्सनं निकाल प्रेक्षकांवर सोडला. दर प्रयोगाला मतं मोजायची, ज्याच्या नावावर जास्त मतं पडतील त्यानं कबुलीचं गाणं म्हणायचं. म्हणजे बघ की, प्रत्येक संशयितासाठी वेगळं गाणं लिहून, बसवून तयार ठेवायचं, आणि त्या रात्री लोकांच्या कानावर त्यातलं एकच पडणार! बाकीची विंगेतच. ज्याचं एक गाणं अख्ख्या अमेरिकेनं ऐकलं, तो माणूस न ऐकली जाणारी गाणी लिहीत बसला. १९८५च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात ते झालं, डिसेंबरात ब्रॉडवेवर गेलं. पुढच्या वर्षी त्या नाटकाला पाच टोनी, म्हणजे ब्रॉडवेचे मानाचे पुरस्कार, मिळाले; त्यातले संहितेचा आणि गाण्यांचा हे दोन होम्सच्या एकट्याचे.

त्याच १९८६ साली तुझा बाप इथे ‘सौभद्र’ला पायपेटी वाजवत होता. हौशी मंडळी, कारखाना सुटला की तालीम. प्रयोग रंगला होता. आमच्या कृष्णाच्या एका पदाला वन्स मोअर मिळाला, मग दुसरा. आमचा दिग्दर्शक विंगेतून हातानं ‘पुढे चला’ म्हणून खुणावत होता. तिसऱ्यांदा आरोळी आली तेव्हा कृष्ण थांबला होता, पण मीच सूर धरला. मधले तुकडे माझे छान जमत होते ना! दाद त्याला होती, मी ती माझी समजलो. पुढे सुभद्रा आली, तेव्हा मागच्या रांगा शेवटच्या बससाठी उठायला लागल्या होत्या. ती बिचारी रिकाम्या खुर्च्यांसमोर रडली. पात्र म्हणून आधी, मग विंगेत खरंखुरं. त्यानंतर वर्षभर तिनं मला नमस्कारसुद्धा केला नाही. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

तुझ्या गाण्याचं काय झालं, ते मला आत्ता कळतंय. जत्रेतल्या गाण्याला तीन मिनिटांत आपलं आपण उभं राहायचं असतं. नाटकातलं गाणं संपलं की पुढचं वाक्य यायचं असतं. तुझी नायिका घर सोडायचं ठरवून बसली आहे आणि तू तिला आणखी चार मिनिटं अंगणात उभी करतेस, असं तो दिग्दर्शक म्हणत असेल, तर त्याचं एकदा ऐक. आमच्या चादरीत मोर कितीही देखणा उतरला आणि कडेला अर्धाच बसत असला, तर जॅकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी पाडणारे, पुठ्ठे बदलावेच लागायचे. मात्र चाल फार ‘फिल्मी’ आहे एवढ्यावरूनच काढत असेल, तर भांड. नाट्यसंगीतालाही काही जण एकेकाळी हलकं समजायचेच.

पैशाचं एकच सांगतो. मागच्या कंपनीला तू ते गड्ड्यावरचं गाणं एकरकमी देऊन बसलीस, तसं इथे नको. दर प्रयोगामागे किती, दुसऱ्या संस्थेनं नाटक उचललं तर काय, हे सही करायच्या आधी कागदावर घे. ओळखीच्या वकिलाला दाखव, मला नको. मला त्यातलं कळत नाही.

शुभारंभाला आम्ही दोघं सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं येतो. पुढच्या रांगेत बसवू नकोस, आईला मान वर करून बघता येत नाही. चटणी आणि कडक भाकरी आणतोच.

आणि ते काढलेलं गाणं मला पाठव. नाटकात नसलं तरी इथे पेटीवर बसवीन, आई ऐकेल. कोणत्या पट्टीत आहे तेवढं कळव. काळी दोन असेल तर बरं, पेटीचा वरचा एक सूर पावसाळ्यापासून चिकटतोय.

तुझा,
बाबा