मार्सो यांची भिंत, दक्रू यांची तालीम

महोदय,

मूकाभिनेते मार्सेल मार्सो यांच्यावरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. मराठी वृत्तपत्राने या माणसाला अर्धे पान दिले, याचे आधी कौतुक. पण त्या अर्ध्या पानातली बरीचशी जागा युद्धाने खाल्ली आहे. स्ट्रासबुर्गच्या ज्यू खाटकाचा हा मुलगा. वडिलांना १९४४ मध्ये नाझींनी आउशवित्झला नेले, ते परत आले नाहीत. मार्सो स्वतः फ्रेंच प्रतिकार चळवळीत होते आणि ज्यू मुलांना स्वित्झर्लंडच्या सीमेकडे पोचवण्याच्या कामात त्यांचा हात होता. हे सारे खरे आणि सांगण्याजोगेच. मात्र दुःखाने वाचा बसली आणि त्यातून ही कला उपजली, असा जो सूर लेखाने लावला आहे, तो पटत नाही. रंगमंचाबाहेर मार्सो चांगलेच गप्पिष्ट होते. त्यांचे मौन घाम गाळून कमावलेले होते, आणि ते ज्यांच्याकडे शिकले त्या एतिएन दक्रू यांचे नाव लेखात एकदाही येत नाही!

पॅरिसमध्ये शार्ल द्युलाँ यांच्या नाट्यशाळेत मार्सो यांना दक्रू भेटले. नटाने चेहऱ्यावर विसंबू नये, हे दक्रू यांचे ठाम मत. म्हणून ते चेहरा कापडाने झाकायला लावत आणि मान, छाती, कंबर असा एकेक भाग सुटा हलवण्याचा सराव करून घेत. वाऱ्याच्या विरुद्ध चालण्याची मार्सो यांची जी नक्कल जगभर गाजली, तिच्या मुळाशी असलेले जागच्या जागी चालणे दक्रू आणि नट ज्याँ-लुई बारो यांनी १९३०च्या दशकात घोटून घोटून बसवले होते. लेखाने तिचे नाते मायकेल जॅक्सनच्या मूनवॉकशी, म्हणजे मागे सरकत जाणाऱ्या नाचातल्या चालीशी, जोडले, पण ती मुळात कुठून आली हे पाहिले नाही.

मार्सो नुसत्या हवेत उभी करत त्या काचेच्या भिंतीचेच घ्या. बघणाऱ्याला ती हातांची करामत वाटते. हात भिंतीपाशी येईपर्यंत बोटे सैल असतात, टेकताक्षणी तळवा ताठ आणि सपाट होतो. मग खांदे, कंबर, पाय कुठेही सरकोत, तळवा हवेत खिळा ठोकल्यासारखा तिथेच राहतो. तो दोन बोटे जरी घसरला, तरी भिंत गेली. म्हणजे सगळी मेहनत धडाची, टाळ्या हाताला.

दक्रू यांना चेहऱ्याच्या आणि हातांच्या हावभावांवर चालणाऱ्या जुन्या पँटोमाइमचे वावडे होते. मार्सो यांनी मात्र १९४७ मध्ये ‘बिप’ हे आपले पात्र उभे केले ते पांढऱ्या चेहऱ्याचा, पट्ट्यापट्ट्यांच्या बनियनचा, चेपलेल्या उंच टोपीत लाल फूल खोचलेला. गुरूची विद्या घेतली, पण हट्ट सोडून दिला. मला हे त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत मोठे धाडस वाटते. मुखवटे बनवणाऱ्याचा त्यांचा प्रवेश पाहा. हसरा मुखवटा चेहऱ्यावर अडकून बसतो, काही केल्या निघत नाही. तोंड हसतेच आहे आणि त्याखाली हात ओढाताण करताहेत, छाती धपापते आहे, गुडघे खचताहेत. हसू जराही ढळत नाही. चेहरा एक सांगतो, अंग दुसरेच.

आणखी एक. लेखाने त्यांना एकपात्री कलावंत ठरवले आहे. मार्सो यांची १९४९ पासून स्वतःची नाटक मंडळी होती. रशियन लेखक गोगोलच्या ‘ओव्हरकोट’ या कथेवर तिने १९५१ मध्ये शब्दाविना नाटक केले. १९५५-५६ च्या अमेरिका दौऱ्याने मार्सो यांचे नाव जगभर झाले, पण एवढी माणसे पोसायला पैसा पुरेना आणि १९६०च्या दशकात मंडळी मोडली. बिप एकटा उरला तो असा. १९७८ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये शाळा काढली ती, माझ्या समजुतीप्रमाणे, ही उणीव भरून काढायलाच.

हे उगाळण्याचे कारण घरचेच आहे. आपल्या विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत माइम सांघिक असतो, पाच-सहा मुलामुलींचा. परीक्षक म्हणून मी अधूनमधून बसतो. चेहरे पांढरे, हातमोजे पांढरे, मागे कानठळ्या बसवणारे रेकॉर्डेड संगीत, शेवटी सामाजिक संदेशाचा मनोरा. भिंत मात्र पहिल्या मिनिटातच सरकते. मुले जीव तोडून करतात, पण मोबाइलवरच्या तुकड्यांत त्यांना चेहरा आणि हात एवढेच दिसतात. धड कसे कमवायचे, हे सांगणारा कोणी नसतो.

तेव्हा महोत्सवांच्या तालमी सुरू होण्याआधी दक्रू यांच्या सरावपद्धतीवर एक लेख द्यावा, ही विनंती. शक्य झाल्यास मान, छाती, कंबर यांच्या व्यायामांची छायाचित्रेही छापावीत. युद्धाला त्यात दोन ओळी पुरतील.

— एक वाचक, सातारा