सावली निळी झाली की

सातारा,
आश्विन शुद्ध पंचमी

चि. अमेयस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो पाहिले. कॉलेजात 'शरद' हा विषय दिलाय, अर्ध्या वर्गाने लाल-केशरी पानांचे रस्ते काढलेत आणि तूही तेच घेऊन बसलायस, हे कळल्यापासून मनात घोळतंय. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसले. रागावलेले नाही. तुझा वॉश, म्हणजे जलरंगाचा पातळ हात, आता छान बसायला लागलाय, झाडांच्या मागचा दमट भाग तर मला फार आवडला. पण ती झाडं तू पाहिलेली नाहीस रे. थंड मुलखात दिवस लहान होऊन गारठा पडला की पानातलं हरितद्रव्य मोडतं, त्याच्याखाली झाकलेला पिवळा वर येतो आणि लाल रंग तर पान त्याच दिवसांत नव्याने तयार करतं. तिथल्या चित्रकाराला तो रंग दारात मिळतो, त्याने तो जरूर काढावा. आपली पानगळ शिशिरातली. आश्विनात आपल्याकडची झाडं गच्च भरलेली असतात. त्यामुळे आपला शरद पानांत शोधशील तर सापडायचा नाही. तो उजेडात येतो.

चार महिने डोक्यावर ढग होते. ढगातून गाळून आलेल्या उजेडाला दिशा नसते, म्हणून सावलीही नसते. श्रावणात झाड काढायला बसलं की हिरव्याला लागून हिरवा, एवढंच हाताला लागतं. आता ढग सरकलेत, हवेतली धूळ पावसाने धुऊन नेलीय. जिथे ऊन पडतं तिथे पिवळसर झाक येते. जिथे ऊन पोचत नाही तिथे नुसता आकाशाचा उजेड पडतो आणि आकाश निळं, म्हणून सावलीही निळी. परवा सकाळी समर्थ मंदिराकडून बोगद्याकडे चालले होते. एका चुना लावलेल्या भिंतीवर शेवग्याची सावली पडली होती. भिंतीजवळच्या फांदीची सावली रेखीव, कडा धारदार. लांबच्या शेंड्याची सावली पसरट, कडा विरलेल्या आणि निळा रंग पुष्कळ फिका. खाली जमिनीजवळ मात्र त्याच सावलीत तांबूस छटा शिरली होती, कारण समोरच्या लाल मातीवरचं ऊन उलटून भिंतीवर येत होतं. एका भिंतीवर इतकं सगळं! सावलीत काळा घालू नकोस, निळसर करडा पेन्स ग्रेसुद्धा नको. कोबाल्ट ब्लूमध्ये थोडा गुलाबी, आणि खाली ओलं असतानाच तांबूस तपकिरी बर्न्ट सिएनाचा एक थेंब सोड.

अजिंक्यताऱ्याचंही तसंच. किल्ला शहराच्या दक्षिणेला, म्हणजे आपल्याला दिसतो तो त्याचा उत्तरेकडचा उतार. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्याही थोडा उत्तरेला असतो, तेव्हा तो उतार समोरून उजळलेला आणि सपाट दिसतो. २२-२३ सप्टेंबरला दिवस-रात्र सारखे झाले की पुढे सूर्य दक्षिणेकडेच कलत जातो आणि ऊन त्या उतारावरून घासत उतरायला लागतं. आपले डोंगर लाव्हाचे थर एकावर एक बसून झालेले. कठीण थराचा कडा उभा राहिला, मऊ थराचा उतार झाला. घासून जाणाऱ्या उन्हात या सगळ्या पायऱ्या सुट्या होतात, प्रत्येक कड्याखाली निळ्या सावलीची पट्टी. लहानपणी तू डोंगर काढायचास तो एका त्रिकोणाचा. आता इथे येऊन उभा राहिलास तर आडव्या रेघांनीच सुरुवात करशील.

तू म्हणशील, आई, कासचं फुलांचं पठार का नाही सांगत? सांगते, पण कासपासून सुरुवात करू नकोस असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे रंग इतका आयता मिळतो की माणूस बघायचं सोडून भरायलाच लागतो. लांबून दिसणारा तेरड्याचा गुलाबी पट्टा आणि कवल्याचा पिवळा पट्टा कुणीही रंगवतं. मला तिथे खरं खेचून घेतात ती सीतेची आसवं. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, मातीचा थर पातळ, खाली पाणी मुरत नाही, त्या ओलाव्यात ही जांभळट निळी फुलं उभी असतात, नखाएवढी. वरून इतकं नाजूक दिसणारं हे झाड कीटकभक्षी आहे. त्याच्या चिखलातल्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव ओढले जातात, कारण त्या मातीत पोषण नाहीच. शेजारी गेंदाची पांढरी बोंडं. पाणी आटायच्या आत फुलून बी धरायचं, एवढीच त्यांना मुदत. सड्यावर गेल्यावर ती घाई मला जाणवते आणि मग हात आपोआप लहान कागदाकडे जातो. तेरडा काढलास तर एक लक्षात ठेव: बाजारातला तो झगझगीत ऑपेरा पिंक घेऊ नकोस आणि जुनी ॲलिझरिन क्रिमझनही नको. दोन्ही उजेडात उडतात. क्विनाक्रिडोन रोझ घे, तो टिकतो.

फुलं संपली की लोक कासला जायचे थांबतात. माझ्या मते तिथून पुढे खरं चित्र सुरू होतं. यवतेश्वरच्या घाटात कुसळी गवत पिकायला लागलंय. अजून खोड हिरवं, शेंडा तांबूस, आणि ऊन मागून आलं की सगळा उतार गुलाबीसर सोन्याचा. पावसाळ्यातला हिरवा तसाच ठेवून त्यावर यलो ओकरचा पातळ वॉश दे, मिश्रण ताटलीत करू नकोस. कोरेगावकडे सोयाबीन पिवळं पडून पानं टाकतंय, शेजारी झेंडू दसऱ्यासाठी तयार, आणि मधल्या उसाला या सगळ्याचं काही सोयरसुतक नाही, तो गर्द हिरवाच.

आता हाताच्या कामाचं. मुंबईच्या दमट हवेत तू शिकतोयस, तिथे वॉश बराच वेळ ओला राहतो. आपल्याकडे आश्विनात कागद झरझर वाळतो, अकरानंतर तर आकाश पूर्ण होण्याआधीच रंग वाळून कडा धरते. मी कागद मागच्या बाजूनेही भिजवून फळीवर चिकटवते, पाण्यात ग्लिसरिनचे दोन-चार थेंब टाकते आणि आकाशाला जाड ब्रश घेते. तरीही धरलेली एखादी कडा मी पुसत नाही. श्रावणातल्या माझ्या चित्रांत सगळं एकमेकांत विरघळलेलं असतं, आश्विनातल्या चित्रांत वस्तू वेगवेगळ्या उभ्या राहतात. हवा बदलली हे कागदालाही कळतं, आणि ते चित्रात दिसू द्यावं.

माहुलीच्या संगमावर मात्र तुला न्यायचंच आहे. कृष्णा आणि वेण्णा अजून पुरत्या निवळल्या नाहीत, त्यामुळे एक गंमत आत्ताच बघायला मिळतेय. गढूळ पाण्यावर सावली पडते, घाटाच्या पायऱ्यांची सावली पाण्यावर स्पष्ट दिसते, प्रतिबिंब अंधुक. पाणी निवळलं की उलट होतं. सावली नाहीशी होते आणि विश्वेश्वराच्या देवळाचा काळा दगड पाण्यात खोलवर उतरतो. प्रतिबिंबात काळं थोडं फिकं होतं आणि उजळ थोडं गडद, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. दिवाळीपर्यंत पाणी निवळलेलं असेल.

जुन्या राजस्थानी आणि पहाडी चित्रकारांनी बारामासा काढले, महिन्याला एक चित्र. त्यांच्या आश्विनात निवळलेली तळी, कमळं आणि चांदण्या रात्री आहेत. त्यांनी आपल्या अंगणातलाच महिना काढला. तुझ्या कॉलेजच्या आवारातही हाच महिना चालू आहे. उद्या सकाळी त्या दगडी इमारतीची सावली फरशीवर कुठवर येते ते बघ, तिचा रंग बघ, आणि तेवढंच काढ. वहीत काढलंस तरी चालेल. मार्कांचं मग बघू.

सुट्टीत औंधलाही जाऊ. १९३८ साली तिथलं संग्रहालय उभं करणारे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे, आणि तिथे रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं आहेत. मोबाइलच्या पडद्यावर पाहून तू त्यांच्याबद्दल जे बोलतोस, ते समोर उभं राहून बोल, मग मी ऐकेन.

घरी घट बसलेत, धान्य चांगलं उगवलंय. बाबांचा गुडघा बरा आहे, माहुलीपर्यंत स्कूटर तेच चालवणार म्हणतात. येताना ३०० जीएसएमचा कोल्ड प्रेस, म्हणजे जाड खरबरीत, कागद आण, इथे मिळतो तो फार गुळगुळीत असतो. आणि तो लाल पानांचा कागद फाडू नकोस, मागची बाजू कोरी आहे.

तुझी,
आई