वाळवंटातल्या घळीत उतरणाऱ्या मुलांना घरच्यांनी काय विचारावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात आपल्या दैनिकात आयर्विन पुलाची पाणीपातळी छापून येते, ती सांगलीत कोणाला समजावून सांगावी लागत नाही. ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तो पाऊस काही एकट्या सांगलीत पडलेला नव्हता. नवजा, महाबळेश्वरला कोसळले की इथे उघडीप असली तरी कृष्णा चढते. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात पाणी मोजण्यात गेली, त्यामुळे हा हिशेब अंगात मुरला आहे. तोच हिशेब आज फार लांबच्या एका जागेसाठी मांडावासा वाटतो, म्हणून हे पत्र.

माझी थोरली लेक नोकरीनिमित्त अ‍ॅरिझोनात फिनिक्सला असते. ती आणि तिचे मित्रमैत्रिणी (त्यात एक मिरजेचा, एक तासगावची, बाकीचे पुण्याकडचे) येत्या एप्रिलमध्ये युटा राज्याच्या दक्षिणेकडच्या वाळवंटात कॅन्यनियरिंगला जायचे म्हणताहेत. लाल वालुकाश्मात पाण्याने कापलेल्या तिथल्या घळी काही ठिकाणी इतक्या चिंचोळ्या असतात की पाठीवरची पिशवी काढून हातात धरल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. वरच्या तोंडाने शिरायचे, वाटेतले कडे दोरावरून उतरायचे, डबक्यांतून पोहायचे आणि खालच्या तोंडाने बाहेर पडायचे, असा हा खेळ. मुले राजगड, तोरणा, वासोटा केलेली आहेत. दोरावर मात्र सगळी नवखी.

बेत कानावर येताच तिच्या आईने 'अजिबात जायचे नाही' म्हणून सांगितले. शेजारचे काका म्हणाले, 'मोठी झालीत आता, त्यांना कळते.' मला दोन्ही पटले नाही. नको म्हटले की मुले सांगायचे बंद करतात, जायचे थांबत नाहीत. आणि नुसते 'जपून रहा' म्हटल्याने कोणी जपून राहते असे नाही. विश्रामबागेत आमच्या गल्लीत किती घरांतली मुले बाहेरदेशी आहेत ते पाहतो तेव्हा वाटते, आपण आईवडिलांनी नेमके प्रश्न विचारायला शिकले पाहिजे. मी लेकीकडे एक कागद मागितला आहे: कुठल्या घळीत उतरणार, तिच्यात कुठून कुठून पाणी येते, घळीतल्या पाण्याचे तापमान किती असेल, मध्येच बाहेर पडायची वाट कुठे आहे, काय दिसले की बेत रद्द करायचा, आणि ठरल्या वेळी परतला नाहीत तर कोणी कोणाला फोन करायचा.

पहिला प्रश्न पाणलोटाचा. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अ‍ॅरिझोनातल्या लोअर अँटिलोप घळीत ११ पर्यटक वाहून गेले. घळीवर पाऊस नव्हताच म्हणावा इतका थोडा होता; वादळ काही मैल वरच्या अंगाला झाले होते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी युटातल्या झायन राष्ट्रीय उद्यानात कीहोल नावाच्या घळीत सात जणांचा एक गट उतरला. ही घळ लांबीने छोटी आणि सोपी म्हणून ओळखली जाते. गटातले काही जण या खेळात नवीन होते. पुराची शक्यता त्या दिवशी वर्तवलेली होती. सातांपैकी कोणीही परत आले नाही. उघड्या खडकावर पडलेला पाऊस मुरत नाही, सगळा घळीकडे धावतो, आणि हातभर रुंदीच्या भेगेत त्याला पसरायला जागा नसल्यामुळे तो उंचीने वाढतो. कोयनेतून सोडलेले पाणी इथवर येईपर्यंत आपल्याला जनावरे सोडायला, सामान माळ्यावर टाकायला काही तास मिळतात. तिथे काही मिनिटेसुद्धा मिळत नाहीत.

हे दोन्ही प्रसंग तिथल्या पावसाळी वादळांच्या दिवसांतले आहेत, साधारण जुलै ते सप्टेंबरमधले. एप्रिलमध्ये तशी वादळे क्वचित होतात; वसंतात जायचे लोक ठरवतात ते म्हणूनच, आणि मुलांचा हा निर्णय मला योग्य वाटतो. पण वसंताचे पाणी वेगळे असते. डोंगरमाथ्यावरचा बर्फ वितळायला लागतो आणि आकाश निळेशार असतानाही नदी फुगते. झायनमधल्या प्रसिद्ध 'नॅरोज'मध्ये व्हर्जिन नदीच्या पात्रातूनच चालत जावे लागते. प्रवाह १५० क्युसेकच्या (म्हणजे सेकंदाला १५० घनफुटांच्या) वर गेला की ती वाट बंद करतात, आणि वसंतात ती बरेचदा बंदच असते. आपल्या वाचकाला १५० क्युसेक म्हणजे काहीच वाटणार नाही. कोयनेच्या पायथा वीजगृहाचे एक युनिट सुरू केले तरी १०५० क्युसेक सुटतात आणि ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते. पण आपले पात्र केवढे आणि तिथली चिंचोळी वाट केवढी! क्युसेकचा आकडा पात्राच्या रुंदीशिवाय वाचू नये, हे मी खात्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगत असे, तेच आता लेकीला सांगितले. तिथल्या नद्यांचे प्रवाह तासातासाला संकेतस्थळावर दिसतात आणि तिथले हवामान खाते उद्यानांसाठी अचानक पुराची शक्यता चार पायऱ्यांत सांगते. हे दोन्ही रोज बघायचे, आणि अंदाज राहायच्या गावाचा न बघता घळीच्या वरच्या अंगाचा बघायचा, असे आमचे ठरले आहे.

दुसरा प्रश्न थंडीचा, आणि नवख्यांना चकवणारी गोष्ट माझ्या मते हीच आहे. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जतची उन्हे येतात. एप्रिलमध्ये तिथे वर ऊन सुखद असते, पण घळीच्या तळाशी सूर्य पोचत नाही आणि डबक्यात हिवाळ्याचे पाणी साचलेले असते. पाणी शरीरातली ऊब हवेच्या साधारण २५ पट वेगाने ओढून घेते. बोटे बधिर झाली की गाठ मारता येत नाही, कॅराबिनरची (दोर अडकवायच्या धातूच्या आकड्याची) कडी फिरवता येत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे विचार मंदावतो, हे त्या माणसाला स्वतःला कळत नाही. मिरजेच्या मुलाने विचारले की जाड टी-शर्ट चालेल का. सुती कपडा अजिबात नको. पोहावे लागणार असेल तर प्रत्येकाला अंगाबरोबर बसणारा वेटसूट, म्हणजे गार पाण्यात ऊब टिकवणारा रबरी पोशाख, हवा. एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही असे चालणार नाही. झायनच्या दाराशी असलेल्या स्प्रिंगडेल गावात तो भाड्याने मिळतो. प्रवासात पिण्याचे पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरावे. घळीतल्या डबक्यावर भिस्त ठेवू नये.

दोरासंबंधी मी अधिकाराने बोलू शकत नाही, पण एक गोष्ट कोणाही अभियंत्याला कळेल. दोर दुहेरी घालून खाली उतरले आणि तो ओढून घेतला की वर जाण्याची वाट संपली. सह्याद्रीत कडा अवघड वाटला की आपण मागे फिरतो. इथे पहिला दोर ओढल्यावर पुढे जाणे हाच एक मार्ग उरतो. म्हणून ओढण्याआधी सगळा गट खाली आहे ना, पुढच्या कड्याला पुरेल एवढा दोर आहे ना आणि शंका असेल तर पुन्हा वर चढता येईल ना, हे पाहायचे. प्रुसिकच्या गाठी (भार पडला की दोरावर आवळणाऱ्या आणि सैल केल्या की वर सरकणाऱ्या) बांधून दोर चढणे प्रत्येकाला आलेच पाहिजे, फक्त म्होरक्याला येऊन भागत नाही. आधीच्या लोकांनी दोर अडकवायला बांधून सोडलेल्या पट्ट्या उन्हाने कुजलेल्या असतात, त्यांच्यावर डोळे झाकून भार टाकायचा नाही. वालुकाश्म आपल्या काळ्या बसाल्टसारखा नाही. भिजला की कच्चा होतो.

तिथे घळींना दर्जा देण्याची पद्धत आहे. आकडा अवघडपणा सांगतो आणि अक्षर पाणी. ३ए म्हणजे दोर लागतो पण पाणी नाही किंवा अगदी थोडे. ३बी म्हणजे पोहावे लागते. ३सी म्हणजे वाहते पाणी. मुलांच्या पहिल्या यादीत झायनमधली 'सबवे' वरच्या बाजूने करायची होती. ती साधारण १५ किलोमीटरची वाट आहे, छोटे रॅपल, म्हणजे दोरावरून उतरायचे कडे, आहेत आणि गार पाण्यात पोहणे आहे. फोटो फार सुंदर आहेत, मुलांचा मोह मला समजतो. पण एप्रिलमध्ये, पहिल्याच खेपेला, सोबत जाणकार नसताना नको, असे मी स्पष्ट सांगितले. तिथे परवाना लागतो. झायनमध्ये दोर लागणाऱ्या प्रत्येक घळीसाठी तो लागतो. आणि व्यावसायिक गाइडला त्या उद्यानाच्या आत गट घळीत उतरवायची परवानगी नाही, म्हणजे पैसे मोजूनही जाणकार मिळणार नाही.

आता बेत बदलला आहे. मुक्काम युटातल्याच एस्कलांटे गावात. पहिल्या दिवशी पीक-अ-बू आणि स्पूकी या दोन घळी, जिथे दोर लागत नाही; नुसते अंग आकसून सरकायचे, थोडे चढायचे. अरुंद जागेत कोणाचा जीव घाबरतो हे तिथेच कळेल, आणि ते दोरावर लटकताना कळण्यापेक्षा केव्हाही बरे. दुसऱ्या दिवशी गाइड घेऊन उद्यानाबाहेरची एक कोरडी ३ए घळ. तिसरा दिवस मोकळा, हवामानासाठी राखून. तासगावची मुलगी हिरमुसली, तिला मोठे काहीतरी करायचे होते. तिच्या वडिलांशी मी बोललो. त्यांनी तिला समजावले की पुढच्या वर्षी पुन्हा एप्रिल येणारच आहे.

त्या पहिल्या दोन घळींकडे जायला होल-इन-द-रॉक नावाच्या कच्च्या रस्त्याने सुमारे ४० किलोमीटर आत जावे लागते. त्या भागातली माती चिकण. पाऊस पडला की चाक रुतते आणि चारचाकी ओढीची गाडीसुद्धा हलत नाही. आदल्या रात्री शिंतोडे पडले तर त्या वाटेला जायचे नाही. आणि वाटेत वाळूवर काळसर, खरबरीत पापुद्रा दिसेल तिथे पाय ठेवायचा नाही. ती जिवंत माती असते, मोडली तर भरून यायला अनेक वर्षे लागतात. ओढ्याच्या कोरड्या पात्रातून नाहीतर खडकावरून चालायचे.

आता फोनचा प्रश्न. एप्रिल २००३ मध्ये अ‍ॅरन राल्स्टन नावाचा तरुण युटातल्या ब्लूजॉन घळीत दगडाखाली हात अडकून पाच दिवस पडून होता. कुठे जातो हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते, त्यामुळे त्याला नेमके कुठे शोधायचे हे कोणाला ठाऊक नव्हते. अखेर स्वतःचा हात कापून तो बाहेर आला. त्या घळींमध्ये मोबाईलला रेंज नसते. उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र मुलांनी घ्यावेच, पण खोल भेगेत आकाशाची चिरोटी दिसत असताना त्याचाही संदेश अडकू शकतो. म्हणून बाहेरचा माणूस हवा.

तो माणूस आपण सांगलीत बसून होऊ शकत नाही. इथून ९११ हा अमेरिकेतला आणीबाणीचा क्रमांक लावून तिथली यंत्रणा मिळत नाही. युटात शोध आणि सुटकेचे काम त्या त्या काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा) शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, बघतो. एस्कलांटे गाव गारफील्ड काउंटीत आहे आणि हा कच्चा रस्ता पुढे केन काउंटीत शिरतो. दोन्ही कार्यालयांचे पूर्ण दहा आकडी क्रमांक कागदावर हवेत. घड्याळाचाही घोळ आहे. एप्रिलमध्ये युटा फिनिक्सच्या एक तास पुढे असते, कारण अ‍ॅरिझोनात उन्हाळी वेळ पाळत नाहीत. आमचे ठरले ते असे: युटाच्या रात्री आठपर्यंत, म्हणजे फिनिक्सचे सात आणि आपल्याकडचे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात, निरोप आला नाही तर लेकीची फिनिक्समधली घरमालकीण शेरीफला फोन करणार. आम्ही तिला फोन करून खात्री करणार. 'अजून तासभर वाट पाहू' असे कोणी म्हणायचे नाही.

आपल्या भागातल्या गिर्यारोहण संस्थांना माझी एक विनंती आहे. पावसाळ्यात धबधब्यावरून रॅपलिंगच्या जाहिराती पुष्कळ निघतात. त्यात उतरणाऱ्याला पट्टा बांधून खाली सोडतात आणि वरचे सगळे काम संस्थेचे लोक करतात. त्यातून मजा मिळते, शिक्षण मिळत नाही. सुट्टीवर घरी आलेल्या मुलांना दोर बसवणे, ओढणे, अडकला तर सोडवणे आणि दोर चढणे हे कोरड्या कड्यावर शिकवणारा वर्ग कोणी घेईल का? नंतर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सांदण दरीत हिवाळ्यात एक फेरी झाली, तर थंड डबके आणि चिंचोळी वाट यांचीही ओळख होईल. शुल्क द्यायला आमच्यासारखे पालक तयार आहेत.

लेकीने कागद पाठवला आहे. 'काय दिसले की रद्द' हा रकाना मात्र अजून अर्धा रिकामा आहे. पाणलोटात पावसाची किती टक्के शक्यता असली की माघार घ्यायची यावर माझे आणि मुलांचे जुंपले आहे. मी २० म्हणतो, ती ४० म्हणतात. मार्च संपण्याआधी आकडा लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या आणि मग तो तिथे बदलायचा नाही, असे मी कळवले आहे. ज्यांची मुले या वसंतात अशा बेतात आहेत त्या सांगली-मिरजेच्या पालकांनीही आपापला कागद मागून घ्यावा.

आपला,
पाटबंधारे खात्यातील एक निवृत्त अभियंता,
विश्रामबाग, सांगली